निकेलची साक्ष

धातूचें चुंबकत्व मुख्यत्वें इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळें, म्हणजे प्रत्येकाच्या अंगच्या चुंबकीय दिशेमुळें येतें. पण ती दिशा पाहावी कशी? १९६९ सालीं झुरिक येथील बुश, सीग्मान प्रभृतींनीं प्रकाशाच्या योगें गॅडोलिनियममधून इलेक्ट्रॉन उडविले, सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडले, आणि ते डावीउजवीकडे किती विषम विखुरतात यावरून स्पिन ताडला. काम चिकाटीचें, हजारों इलेक्ट्रॉनांतून एखादाच उपयोगीं पडे!

पुढील वर्षीं निकेलनें पेंच घातला. चुंबकत्वाला प्रतिकूल दिशेचे इलेक्ट्रॉन अधिक निघावे, असा ऊर्जापट्टांच्या सिद्धांताचा होरा, निघाले अनुकूलच. सिद्धांतच डळमळला, असें कित्येकांस वाटलें. १९७६ मध्यें आयब व अल्वाराडो यांनीं निकेलच्या एकसंध स्फटिकावर, इलेक्ट्रॉन जेमतेम सुटेल एवढ्याच ऊर्जेचा प्रकाश टाकला. आतां प्रतिकूल अधिक निघाले. ऊर्जा किंचित् वाढवितांच पुन्हां अनुकूलांची सरशी झाली.