कोयता मोजला जातो, हात नाही

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की कागल-भुदरगडच्या शिवारात कोयते वाजू लागतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे हत्यार मोजले जाते, ते धरणारे चार हात नव्हेत. या हातांवर हातमोजे का नाहीत, हे समजायचे तर थोडे इतिहासात जावे लागेल.

आधी पान पाहू. उसाच्या पानाची कड भिंगाखाली धरली तर करवतीसारखे बारीक दात दिसतात. त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. वर्गात बोटाऐवजी सुती चिंधी कडेवरून फिरवावी. बुडाकडून शेंड्याकडे ती सरकते, उलट नेली की धागे अडकतात. ऊस जमिनीतून विरघळलेली सिलिका शोषून पानात साठवतो, म्हणजे वाळूतलेच द्रव्य हे. शिवाय देठाला वेढणाऱ्या पानाच्या बुडावर कूस असते. ती जातीनुसार कमी-अधिक, म्हणून वाणाच्या वर्णनात तिची नोंद करतात.

काट्यांसाठी हातमोजा ही कल्पना फार जुनी. होमरच्या 'ओडिसी'त शेवटी म्हातारा लाएर्टिस बागेत खपताना काटे लागू नयेत म्हणून हातमोजे घालून दिसतो. पण झाडपाल्याने कमावलेले कातडे भिजून वाळले की कडक होते. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि पाण्यातही मऊ राहणारे कातडे कामकऱ्यांच्या मोज्यांना मिळाले. त्याच सुमारास, १८८९-९० मध्ये, बाल्टिमोरचे शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी रबराचे पातळ मोजे करवून घेतले. आज आपण ते रुग्णाच्या रक्षणासाठी मानतो. पण मूळ कारण होते परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात. जंतुनाशक पारदक्षाराने ते सोलवटत होते.

उसाच्या हातांचा प्रश्न मात्र ऑस्ट्रेलियात संपाने पुढे आला. क्वीन्सलंडच्या उत्तर भागात तोडणीकामगारांना वाइल्सचा रोग, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, होऊ लागला. उंदरांच्या मुतातले जंतू हातापायांच्या चिरांतून शरीरात शिरत. १९३४ मध्ये इंगहॅम परिसरात आणि १९३५ मध्ये अधिक व्यापक संप झाला. मागणी मोज्यांची नव्हती. ऊस तोडण्याआधी जाळा, अशी होती. जाळाने पाने जातात आणि उंदीरही. पुढे ती रीत तिकडे रूढ झाली.

आपल्याकडे तो मार्ग परवडत नाही. जळालेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर घटते, आणि वाढे तर जनावरांची वैरण! तेव्हा ऊस हिरवाच तोडायचा, पाचट हातानेच काढायचे, वाढ्यांच्याच पेंढ्यांनी मोळी बांधायची. मजुरी टनावर. जाड मोज्याने गाठ मारायला वेळ लागला की तो वेळ कामगाराच्या खिशातून जातो. मोजा 'सवय नाही' म्हणून नाकारला जातो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. त्यात खरेदी कोणी करायची, कारखान्याने की मुकादमाने, हेही ठरलेले नसते.

तरी निवड शक्य आहे. दोन्ही हातांचे काम वेगळे, तेव्हा मोजेही वेगळे. ऊस धरणाऱ्या डाव्या हाताला कोयता निसटून लागण्याची भीती. त्याला न कापणारा, मनगटावरून कोपराकडे जाणारा मोजा हवा. १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या द्रावणातून पुढे केव्लार धागा आला; असे मोजे त्यापासून विणतात. कोयत्याच्या उजव्या हाताला जाडी नको, पकड हवी: पातळ विणीचा, तळव्यावर रबर लावलेला, पाठ हवेशीर. चामडी व सुती मोज्यांसाठी भारतीय मानक ६९९४ चा पहिला भाग १९७३ मध्ये निघाला. युरोपच्या ईएन ३८८ मानकात घासणे, कापणे, फाटणे आणि भोसकणे यांचे वेगवेगळे गुण देतात. घासण्यात पहिला आलेला मोजा कापण्यात नापास होऊ शकतो, म्हणून विकत घेताना कापण्याचा आकडा पाहावा.

हाच मोजा गुऱ्हाळात चरकाला ऊस लावताना मात्र काढून ठेवायचा. लाटांत कापडाचे टोक सापडले तर मोजा सुटत नाही, हाताला घेऊनच आत जातो.