परमुलखात उरलेली नावे

पोटासाठी घर सोडून दूर गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपण त्याची नोकरी, त्याचे घर, त्याच्या मुलांचे शिक्षण यांविषयी बोलतो. परंतु ज्या मुलखात तो गेला त्याच मुलखात त्याला मरण आले, तर पुढे त्याचे नाव कोणी आणि कशाच्या आधाराने सांभाळावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मंगल प्रसंगी तो विचारू नये असाही एक संकेत आहे. तथापि सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब होय. आणि जे आज आपल्यात नाहीत त्यांची बाजू मांडल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही. म्हणून कोलकात्याच्या एका जुन्या दफनभूमीविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्याविषयी, थोडेसे लिहिण्याचे योजिले आहे.

पावर हाउस स्थानकावरून जाणारा लोहमार्ग पश्चिमेस नागपूरमार्गे मुंबईस आणि पूर्वेस हावड्यास जातो. आपणा मराठी मंडळींचे डोळे साहजिकच पश्चिमेकडे लागलेले असतात. पूर्वेच्या टोकास आपण जातो ते बहुधा कामापुरते. सरकारी नोकरीमुळे मला कोलकात्यास जाण्याचे प्रसंग आले आणि अशाच एका मुक्कामात, मोकळ्या मिळालेल्या एका दुपारी, पार्क स्ट्रीटच्या पूर्व टोकाची ही दफनभूमी मी पाहिली. या रस्त्यास २००४ साली मदर तेरेसांचे नाव देण्यात आले. परंतु अठराव्या शतकात त्याचे नावच मुळी ‘दफनभूमीचा रस्ता’ असे होते. महाराज नंदकुमारांच्या १७७५ च्या खटल्यामुळे कुप्रसिद्ध झालेले मुख्य न्यायाधीश सर एलिजा इम्पे यांनी या भागात हरणे पाळली होती. त्यांच्या त्या बागेवरून पुढे लोक त्यास पार्क स्ट्रीट म्हणू लागले.

ही दफनभूमी २५ ऑगस्ट १७६७ रोजी सुरू झाली. प्लासीच्या लढाईस तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती येऊन दोनच वर्षे लोटली होती. सेंट जॉन गिरिजाघराच्या आवारातील जुनी जागा भरून गेल्यामुळे गावाबाहेर, दलदलीच्या बाजूस, ही नवी जागा घ्यावी लागली. सुमारे १८३० पर्यंत येथे दफने होत राहिली. येथे पुरलेला पहिला मनुष्य कोणी सेनापती किंवा गव्हर्नर नव्हता. जॉन वुड नावाचा तो कस्टम हाउसमधील एक कारकून होता. त्याच्या थडग्याचा दगड आज राहिलेला नाही. शिल्लक असलेल्यांपैकी सर्वांत जुना लेख १७६८ मधील असून तो सारा पिअर्सन या स्त्रीचा आहे.

आत शिरताच आपण एखाद्या उजाड नगरात आल्याचा भास होतो. जुन्या वृक्षांच्या छायेत दुतर्फा उंच स्मारके उभी आहेत. कोठे मिसर देशातल्यासारखा पिरॅमिड, कोठे चौकोनी निमुळता स्तंभ, तर कोठे खांबांवर तोललेला घुमट. पाहणाऱ्यास ती पाषाणाची वाटतात. पण बंगालच्या गाळाच्या भूमीत दगड दुर्मिळ, म्हणून बहुतेक बांधकाम विटांचे असून वर चुन्याचा गिलावा आहे. पावसाने तो गिलावा जागोजाग काळा पडला आहे. मृताचे नाव कोरलेली शिला तेवढी निराळी बसविलेली असते.

त्या शिला वाचीत गेले म्हणजे प्रथम मनात भरते ते मृतांचे वय. वीस, बावीस, सव्वीस. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणात गेलेल्या. मुलांचे वय तर महिन्यांत आणि दिवसांत मोजलेले. हिवताप, पटकी, हगवण यांवर त्या काळी उपाय नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने तेथील एक म्हण नोंदवून ठेविली आहे. दोन पावसाळे एवढेच माणसाचे आयुष्य, असा तिचा आशय. ती मुंबईच्या गोऱ्यांविषयी होती. पण कोलकात्याच्या या भूमीतही तिचा प्रत्यय पावलोपावली येतो. द्रव्याच्या लोभाने हे लोक आले, त्यांतील कित्येकांनी ते अन्यायानेही मिळविले, हे खरे. परंतु शिलेवरील मजकूर वाचताना कंपनी सरकार दिसेनासे होते आणि मूल गमावलेला एक बाप तेवढा समोर उरतो.

नामांकित मंडळीही येथे आहेत. सर्वांत उंच स्तंभ सर विल्यम जोन्स यांचा. १७८४ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, १७८६ च्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे असा सिद्धांत मांडला, आणि १७८९ मध्ये कालिदासाचे ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणून युरोपला चकित केले. २७ एप्रिल १७९४ रोजी ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस होते. शिवपूरच्या वनस्पती उद्यानाची कल्पना मांडणारे रॉबर्ट किड आणि हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी यांनाही येथेच विसावा मिळाला. मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट हे आपल्या देवदेवतांच्या इतके भजनी लागले होते की लोक त्यांना ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. १८२८ मध्ये ते वारले. त्यांचे थडगे देवळाच्या आकाराचे बांधलेले आहे. आणि हिंदू कॉलेजमधील तरुणांना स्वतंत्र विचार करावयास शिकविणारे हेन्री डिरोझिओ २६ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पटकीने गेले, तेही येथेच आहेत. बंगालच्या नवजागृतीचा इतिहास त्यांच्या नावाखेरीज लिहिता येत नाही.

आता या भूमीचा मराठ्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दफनभूमीच्या जवळच आहे. तिच्या पूर्वेकडून जो मोठा रस्ता जातो त्यास आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. पूर्वी तो लोअर सर्क्युलर रोड होता. शहराला वळसा घालणारा हा सर्क्युलर रोड १७९९ मध्ये जो खंदक बुजवून तयार करण्यात आला, त्या खंदकाचे नाव ‘मराठा डिच’. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वारीच्या भयाने १७४२ मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी तो खणावयास घेतला. शहराभोवती सात मैल खणावयाचा बेत होता. सुमारे तीन मैल काम झाले आणि थांबले. मराठी फौज खंदकापर्यंत कधी आलीच नाही.

ती फौज बंगालमध्ये गेली ती आपल्याच या छत्तीसगडमधून. रघूजींचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूरच्या हैहय राजास नमविले आणि छोटा नागपूरच्या डोंगरांतून, पंचेटमार्गे, १७४२ च्या एप्रिलात ते बर्दवानवर जाऊन धडकले. पुढे दोन वर्षे झुंज चालली. अखेर चौथाईची बोलणी करण्याच्या मिषाने नबाब अलिवर्दीखानाने भास्करपंतांना मानकरा येथील आपल्या डेऱ्यात बोलाविले आणि मार्च १७४४ मध्ये त्यांची व त्यांच्याबरोबरच्या सुमारे वीस सरदारांची कत्तल केली. स्वाऱ्या पुढेही चालूच राहिल्या. १७५१ च्या तहाने बंगालची बारा लक्षांची चौथाई आणि ओरिसाचा ताबा भोसल्यांकडे आला. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते.

या दहा वर्षांत बंगालमध्ये मराठी माणसे किती पडली असतील, याची गणती नाही. भास्करपंतांचे आणि मोजक्या सरदारांचे नाव बखरींतून व पत्रांतून उरले. बाकीच्या बारगिरांची, शिलेदारांची, त्यांच्याबरोबर गेलेल्या बाजारबुणग्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. बंगालने मात्र त्यांची आठवण ठेविली, ती निराळ्या रीतीने. बारगीर या शब्दाचा तेथे ‘बर्गी’ झाला आणि मूल झोपविताना म्हणावयाच्या अंगाईत तो जाऊन बसला. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ या नावाचे बंगाली काव्य लिहिले, त्यात या स्वाऱ्यांत गावोगाव झालेल्या जुलमाचे वर्णन आहे. ते वाचून आपणास सुख वाटणार नाही. पण ते खोटे म्हणून बाजूस सारणेही योग्य नव्हे. चौथाई वसुलीच्या मोहिमेत गरीब रयतेची होरपळ झाली, हे मराठी इतिहासकारांनाही नाकारता आलेले नाही. तात्पर्य, आपण आपल्या माणसांविषयी लिहिले नाही. ज्यांनी त्यांचा मार खाल्ला त्यांनी लिहिले, आणि तेच लोकांच्या मुखी राहिले.

कोणी म्हणेल, आपण थडगी बांधीत नाही, हा धर्मभेद आहे. ते खरे आहे. देह अग्नीस द्यावा, अस्थी प्रवाहात सोडाव्या, हीच आपली रीत. भिलाईतही कोणी शिवनाथेवर जातो, कोणी राजिमच्या संगमावर, तर कोणी नाशिकची वाट धरतो. परंतु नाव सांभाळण्याची व्यवस्था आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा वसु, रुद्र, आदित्य या रूपांत नामगोत्रासह उच्चार होतो. म्हणजे तीन पिढ्यांची नावे मुखी ठेवणे हे कर्तव्यच मानलेले आहे. त्यापलीकडची नावे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून मिळतात. त्र्यंबकेश्वरास वा गयेस गेले की उपाध्ये आडनाव आणि मूळ गाव विचारून आपल्या पणजोबांची सही दाखवितात. त्याचप्रमाणे अनेक घराण्यांनी परिश्रमपूर्वक आपापले कुलवृत्तांत छापून काढले आहेत.

पण ही सारी व्यवस्था मूळ गावाशी बांधलेली आहे. मनुष्य गावातून उठला, त्याची मुले तिसऱ्याच प्रांतात गेली, श्राद्ध सुटले, तीर्थयात्रा घाईची झाली, की हा धागा तुटतो. मग त्याचे नाव ना गावच्या वहीत, ना तो जेथे राहिला तेथे. दूर गेलेल्यांनाच लिहून ठेवण्याची गरज अधिक असते ती यामुळे.

तेव्हा आपणही दगड उभारावे काय? माझे म्हणणे तसे नाही. पार्क स्ट्रीटच्या उत्तर बाजूस अशीच दुसरी दफनभूमी होती. विसाव्या शतकात ती नाहीशी झाली आणि त्या जागी शाळा व रुग्णालय उभे राहिले. उरलेल्या दक्षिणेकडील भूमीतही कित्येक शिलांची अक्षरे पावसाने पुसट झाली आहेत. सुदैवाने कोलकात्याच्या होम्स आणि कंपनीने १८४८ मध्ये ‘बेंगॉल ऑबिच्युअरी’ हा ग्रंथ छापला आणि त्यात शहरातील व प्रांतातील थडग्यांवरील लेख उतरवून घेतले. दगड गेले, तरी त्या कागदामुळे कित्येक नावे उरली. आज मृतांचे दूरचे वंशज शोध घेत येतात तेव्हा अशा छापील नोंदींचाच आधार घेतात. पाषाणापेक्षा कागद अधिक टिकला, कारण त्याच्या प्रती निघाल्या आणि त्या चार ठिकाणी राहिल्या.

या गोष्टीचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. त्यामुळे दुर्ग-रायपुराकडे मराठी कारकून, शिक्षक, वकील पूर्वीपासून येत होते. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या दिवसांत तरुण वयात येथे आलेली पिढी आता फार थोडी राहिली आहे. भट्टीवर काम करणारे, नकाशे काढणारे, रेल्वेत आणि डाकघरात चाकरी करणारे, आणि त्यांच्यामागे ओळखीपाळखीवाचून संसार मांडणाऱ्या त्यांच्या पत्नी, या सर्वांची नावे आज आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेत. स्मरण हे आणखी किती वर्षे पुरणार?

म्हणून आपल्या मंडळास एक सूचना करावीशी वाटते. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात एक साधी नोंदवही सुरू करावी. येथे राहून दिवंगत झालेल्या प्रत्येक मराठी व्यक्तीचे पूर्ण नाव, मूळ गाव व तालुका, भिलाईस येण्याचे वर्ष, काम कोणते केले, आणि निधनाची तिथी व तारीख, एवढेच त्यात लिहावे. स्त्रियांच्या नोंदीत माहेरचे नाव व गाव अवश्य असावे. जुन्या कागदांत तेच सर्वांत आधी हरवलेले आढळते. ज्यांना मागे कोणी नातलग राहिले नाहीत त्यांची नोंद शेजाऱ्यांनी द्यावी. स्तुतीचा मजकूर नको, मोठा-लहान असा भेद नको. वही भरली की तिच्या प्रती छापून एक मंडळात, एक येथील ग्रंथालयात आणि एक नागपुरास ठेवावी.

पार्क स्ट्रीटच्या त्या भूमीत पहिले दफन एका कारकुनाचे झाले. त्याचा दगड गेला. पण दफनाच्या नोंदीत त्याचे नाव, हुद्दा आणि तारीख लिहिलेली होती, म्हणून अडीचशे वर्षांनंतर भिलाईच्या एका मराठी मंडळाच्या अंकात त्याचे नाव छापता आले. आपल्या माणसांसाठी निदान एवढे आपण करावे, आणि ते आठवणारे वडीलधारे हयात आहेत तोवर करावे, ही विनंती.