लुटीपासून पेटीपर्यंत : सह्याद्रीतल्या मधाची गोष्ट



मुंबईत माहुल नावाचे एक जुने कोळ्यांचे गाव आहे. एका अंगाला खाडी, खाडीकाठी तिवरांची दाटी. १९५४ आणि १९५५ साली या माहुल-ट्रॉम्बे भागात तेल शुद्ध करणारे दोन मोठे कारखाने सुरू झाले. देशाला त्यांची गरज होती. त्याच सुमारास, १९५३ साली, अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ स्थापन झाले आणि १९५७ साली ते काम आयोगाकडे आले. इकडे धुराडी उभी राहत होती, तिकडे महाबळेश्वरच्या रानात मधमाशांच्या लहान लहान लाकडी पेट्या मांडल्या जात होत्या. धुराडे लांबून दिसते, त्याची गोष्ट कोणीही सांगेल. पेटीची गोष्ट मात्र मुद्दाम सांगावी लागते. आज तीच सांगणार आहे.

मध काढणे हे माणसाचे फार जुने काम. मध्य प्रदेशात भीमबेटका आणि पचमढीच्या गुहांतून मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. आपल्याकडेही रानात राहणारी माणसे पिढ्यान् पिढ्या कड्यावरचे, झाडावरचे मोहोळ उतरवीत आली. रीत ठरलेली. रात्री चूड पेटवायची, धूर करायचा, माशा उठवायच्या आणि पोळे कापून खाली आणायचे. मग ते सगळेच्या सगळे पिळायचे. त्यात मध येई, मेण येई, आणि अंडी व अळ्याही चिरडल्या जात. म्हणजे वाटीभर मधासाठी माशांची सारी पुढची पिढी जाई. यात त्या माणसांचा दोष कसा म्हणावा? पोळे भिंतीला पक्के चिकटलेले. ते मोडल्याशिवाय मध हाती येणारच कसा?

आपल्या रानात मधमाशांच्या मुख्य जाती चार. कड्यावर, उंच झाडावर उघडे मोठे पोळे लावणारी आग्या. झुडपात तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी. भिंतीच्या फटीत राहणारी, नांगी नसलेली बारीक पोयाची. आणि झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी. यांतली सातेरी अंधाऱ्या बंदिस्त जागेत राहते, म्हणून ती पेटीत नांदते. आग्याला पेटीत कोंडू म्हणाल तर ती राहायची नाही.

मोडतोड न करता मध काढण्याची युक्ती सापडली ती १८५१ साली, अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्र्याला. त्याने पाहिले की दोन वस्तूंमध्ये सुमारे ३/८ इंचाची फट ठेवली, तर माशा ती मेणाने किंवा डिंकाने बुजवीत नाहीत. जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. झाले! पेटीत तेवढे अंतर राखून चौकटी टांगल्या की प्रत्येक पोळे पुस्तकाच्या पानासारखे वेगळे उचलता येते. गोल फिरणाऱ्या मधयंत्रात चौकट ठेवून फिरवली की मध बाहेर उडतो, पोळे शाबूत राहते आणि ते परत पेटीत ठेवता येते. दक्षिणेत तिरुचिरापल्लीला फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात आपल्या लहान सातेरीला मानवेल अशी पेटी बेतली आणि लोकांना शिकवली. ‘न्यूटन पेटी’ हे नाव अजून चालते. पुढे १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या कामात मधमाशापालनालाही जागा मिळाली.

महाबळेश्वरचे मध संचालनालय १९४६ चे. महाबळेश्वरच का? तर तिथले रान. जांभूळ, हिरडा, गेळा, आणि सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर फुलवणारी कारवी. पण पावसाळा कठीण. चार महिने धो धो पाऊस. माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा पाळणारा साखरेचा पाक देऊन वसाहत जगवतो, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवतो, पोळ्याला मेणकिडा लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहतो.

आणि मग वसंत येतो. फाल्गुन-चैत्रात जांभूळ मोहरते, तेव्हा पेटीजवळ नुसते उभे राहिले तरी गुणगुण अंगावर येते. राणी भराभर अंडी घालते, माशा वाढतात. आता पाळणाऱ्याची खरी परीक्षा. खालच्या कोठीत पिल्ले, वरच्या कोठीत मध. वरची कोठी वेळेवर चढवली नाही, तर दाटी होऊन जुनी राणी निम्म्या माशा घेऊन उडून जाते. घर फुटते म्हणा ना! म्हणून आठवड्याला पेटी उघडून नव्या राणीच्या कोशांवर नजर ठेवायची, आणि घर फुटण्याआधी आपणच दोन पेट्या करायच्या. मध काढायचा तोही माशांनी मेणाचे झाकण लावलेल्या घरांतलाच. झाकण लावले याचा अर्थ, पंखांनी वारा घालून त्यांनी त्यातले जादा पाणी उडवले, मध पिकला. कच्चा मध काढाल तर तो आंबतो.

या आंबण्यालाही इतिहास आहे, बरे का. पाळणाऱ्याला ज्याची भीती, तेच काही लोक मुद्दाम करीत आले. मधात पाणी घालून ते आंबवले की मद्य होते. चीनमध्ये जियाहू येथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळे यांच्या आंबवलेल्या पेयाचे अंश सापडले. आपला ‘मधु’ शब्द पाहा. लिथुआनियात मधाला ‘मेदुस’ म्हणतात, जुन्या ग्रीकांत मद्याला ‘मेथु’, इंग्रजांत मधाच्या मद्याला ‘मीड’. सगळे एकाच मुळाचे. आपल्या वैद्यांच्या कित्येक आसवांत मध पडतो. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. त्याच महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पुणे आणि नाशिक भागात परवाना घेऊन मीड करणारे छोटे कारखाने निघाले आहेत. परवान्याशिवाय असे काही करणे गुन्हा आहे, हे सांगून ठेवतो. मला त्यातला एवढाच भाग महत्त्वाचा वाटतो, की मधाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले.

कारण अडचण गिऱ्हाइकाची आहे, आणि रानाची आहे. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच वर्षी पंजाबात परदेशी मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजली. ती सातेरीपेक्षा कितीतरी पट मध देते. सातेरी चांगल्या जागी वर्षाला पाच-सात किलो दिले तर पुष्कळ. पुढे १९९१-९२ च्या सुमारास अळ्यांच्या एका विषाणुरोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती मारल्या. त्यातून सावरतो तोच बाजारात पाकाची भेसळ. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने १३ छापांचे मध तपासून घेतले. प्रगत कसोटीत त्यांतले १० उतरले नाहीत. स्वस्त पाकापुढे रानातला खरा मध कसा टिकायचा?

याला एक उत्तर महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाने दिले. घरोघरी पेट्या सांभाळणारे हे गाव मे २०२२ मध्ये राज्याचे पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मध कोणत्या गावचा, कोणत्या रानातला, हे गिऱ्हाइकाला कळू लागले की भेसळीला जागा कमी उरते. पुढे कोल्हापूरच्या पाटगावानेही तीच वाट धरली.

गुरुजी, आणि बाईसुद्धा, एक विनंती तुम्हाला. येत्या चैत्रात मुलांना घेऊन गावाबाहेर जा. कोणते झाड कधी फुलले आणि त्यावर कोणती माशी आली, याची वहीत नोंद करवून घ्या. थिजलेला मध म्हणजे भेसळ, असा जो समज आहे तोही काढून टाका. खरा मधही थंडीत रवाळ होतो. आणि शेतकरी बंधूंनो, जांभूळ, हिरडा सरपणासाठी तोडताना एकदा वर पाहा. पेटी सुतार चार दिवसांत करून देईल. जांभळाला मोहर यायला वर्षे लागतात, आणि मोहर नसेल तर ती पेटी रिकामीच राहणार.