राजा-राणीची गोष्ट आणि आपली गोष्ट



आपल्या जालना जिल्ह्यात कापूस वेचणीचे दिवस म्हणजे कंबर मोडते. परवा गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "ताई, घरादाराचं नको, राजा-राणीची गोष्ट सांगा." तिचं काय चुकलं?

ही आवड जुनीच. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. संकटात सापडलेली नायिका, अद्भुत प्रसंग आणि शेवट गोड. पुढं काही वर्षांनी नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' लिहिली. प्रस्तावनेत त्यांनी कारणही सांगितलं. आपल्या लग्नाच्या रीतीच अशा, की लोकांच्या आयुष्यात मन रमेल असं काही घडत नाही. म्हणून अद्भुत लिहावं लागतं. खरंच, तेव्हा लग्नं लहानपणीच लागायची. मग प्रेमकथा घडणार कुठून?

१८९० साली हरिभाऊ आपट्यांनी साप्ताहिक काढलं. नाव 'करमणूक'. त्यातच त्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते : बालपणीचं लग्न, सासर, वैधव्य, बळजबरीचं केशवपन. राजवाडा नाही, चमत्कार नाही. तरी लोक ती आजही वाचतात.

मैत्रिणींनो, थकल्या जिवाला राजा-राणीचा विसावा हवाच. त्यात लाजायचं काही नाही. पण "आमच्या जगण्यात सांगण्यासारखं काय आहे?" असं कुणी म्हणू नका. पुढच्या बैठकीत राजा-राणी मी सांगते. मग तुमच्यातल्या एकीनं आपली गोष्ट सांगायची.