छापलेली युक्ती

जून १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी 'कॉम्प्युटर' मासिकात फाइली आटोपशीर करण्याची एक युक्ती छापली. वाचणाऱ्यांनी आपापला कोड लिहिला, फुकट वाटला. युनिक्सवरचा 'कॉम्प्रेस' त्यातलाच, १९८७ ची गिफ चित्रंही तिच्यावरच बेतलेली. पण युक्तीच्या पेटंटसाठी १९८३ मध्येच अर्ज झाला होता! १९८५ मध्ये ते मिळालं आणि डिसेंबर १९९४ मध्ये युनिसिसने गिफच्या सॉफ्टवेअरला परवाना लागेल असं जाहीर केलं.

खरी गोम इथेच आहे मंडळी. कॉपीराइटमध्ये दुसऱ्याचा कोड उचलला नाही की सुटलात. पेटंटमध्ये स्वतः लिहिलेला कोडही अडकतो. आणि ओपन सोर्सवाला प्रतीमागे शुल्क भरणार कुठून? कुणकुण लागलेल्यांनी १९९२ मध्येच 'जीझिप' आणलं होतं. गिफला पर्याय म्हणून १९९५ मध्ये पीएनजी आलं. अमेरिकेतलं पेटंट जून २००३ मध्ये संपलं. पीएनजी आजही आहे.