लष्करी वाहनांवरील अँटेना दांड्या

लष्करी वाहनांवरील अँटेना दांड्या म्हणजे जीप, चिलखती गाड्या व रणगाडे यांवरील बिनतारी संचांसाठी वापरले जाणारे, तुकड्यातुकड्यांनी जोडता येणारे उभे धातूचे दांडे होत. जुन्या वाहनांच्या पुनर्बांधणीत मूळ दांड्या मिळवणे हे अवघड काम मानले जाते. संच जाड पेटीत सुरक्षित राहत असे. दांडी मात्र फांद्यांना व पुलांना अडकून मोडे आणि युद्धकाळात ती टिकाऊ वस्तू समजली जात नसे.

लांबी आणि वारंवारता

दांडीची लांबी संचाच्या वारंवारतेशी निगडित असते. पाव तरंगलांबीची दांडी सर्वांत सोयीची. २५ मेगाहर्ट्झला ती ३ मीटर भरते. त्यामुळे २० ते २७.९ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अमेरिकी एससीआर-५०८ संचाला मीटरभर लांबीचे मोजके तुकडे पुरत. ब्रिटिश वायरलेस सेट क्र. १९ चा मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालत असे. ४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जवळपास १९ मीटर होते व इतकी दांडी रणगाड्यावर उभी करणे अशक्यच. म्हणून ४ फुटी तुकड्यांची आखूड दांडी लावून उरलेली तूट व्हेरिओमीटर या बदलत्या वेटोळ्याने भरून काढली जाई. केवळ दिसायला शोभते म्हणून भलतीच दांडी लावून संच प्रक्षेपणासाठी चालू केल्यास मेळ बसत नाही आणि प्रक्षेपकाला इजा होऊ शकते.

ओळख

अमेरिकी सिग्नल कोरच्या जुन्या पद्धतीत 'एमएस' म्हणजे दांडीचा तुकडा व 'एमपी' म्हणजे तिचे बूड. एमएस-४९ ते एमएस-५३ या मालिकेत क्रमांक वाढतो तशी जाडी वाढते. एमएस-४९ हे सर्वांत वरचे, बारीक टोक. १९४३ पासून रूढ झालेल्या संयुक्त नामपद्धतीत अँटेनाच्या आधाराच्या सर्व भागांना 'एबी' ही अक्षरे मिळाली. त्यामुळे एबी-१५ हे बूड आणि एबी-२२ ही दांडी नावावरून वेगळी ओळखता येत नाहीत, आणि नवखे संग्राहक येथेच फसतात.

ब्रिटिश सामानावर बाणाची खूण असते. कॅनडाच्या सामानावर तोच बाण 'सी' अक्षराच्या आत असतो. उत्तरकालीन मालावर तेरा अंकी नाटो साठा क्रमांक आढळतो. त्यातील पहिले चार अंक ५९८५ असल्यास वस्तू अँटेना वर्गातील आहे. पुढचे दोन अंक देश दाखवतात (ब्रिटन ९९, कॅनडा २१, अमेरिका ०० किंवा ०१). रंगावर मात्र विसंबू नये, कारण या दांड्या वारंवार रंगवल्या जात.

उपलब्धता

दांड्या प्रामुख्याने लष्करी भंगाराचे व्यापारी, वाहनमेळे आणि संग्राहकांच्या संघटनांतून मिळतात. अमेरिकेतील मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन १९७६ पासून कार्यरत आहे. घेताना आटे झिजलेले नाहीत ना, टोक कापलेले नाही ना आणि सर्व तुकडे एकाच मालिकेचे आहेत ना, हे पाहावे लागते. कापलेली दांडी रंगाखाली सहज लपते. मालिकेची नोंदलेली लांबी मोजपट्टीने ताडून पाहणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. केवळ प्रदर्शनासाठी नव्या नकला चालतात. चालत्या वाहनावर मात्र उंच दांडी वाकवून दोरीने बांधावी लागते. वीजवाहिन्यांचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो.

दुसऱ्या महायुद्धकाळातील ब्रिटिश व अमेरिकी रणगाडे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात पाहता येतात.