पुसलेल्या पॅरिसचा नकाशा

जुन्या नकाशांमध्ये मला सर्वांत रमवणारा नकाशा पॅरिसचा आहे. १७३४ मध्ये तिथल्या नगरसभेचे प्रमुख मिशेल-एतिएन त्युर्गो यांनी लुई ब्रेते या चित्रकारावर काम सोपवले : उडत्या पाखराला दिसावे तसे सारे शहर काढायचे. वाड्यांत, अंगणांत, बागांत शिरण्याचा परवाना घेऊन ब्रेते दोन वर्षे मोजमापे आणि रेखाटने करीत हिंडला. क्लोद ल्युका यांनी ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरले आणि १७३९ मध्ये वीस पानांचा नकाशा प्रसिद्ध झाला. लांबच्या इमारती त्यात लहान होत नाहीत. शहराच्या टोकाचे घरही जवळच्या घराइतकेच स्पष्ट दिसते.

हेतू होता राजधानीचे वैभव मिरवण्याचा. मी मात्र तो उघडतो, तो आज नसलेल्या वास्तू शोधण्यासाठी.

सीन नदीवरच्या नोत्र-दाम पुलावर दोन्ही बाजूंनी घरांच्या रांगा आहेत. शहराला मोकळी हवा हवी म्हणून १७८६ च्या सुमारास ती पाडली. जवळच इनोसाँ दफनभूमी. शतकानुशतकांच्या दफनांनी ती इतकी भरली, की १७८० मध्ये बंद करावी लागली आणि १७८६ पासून तिथली हाडे जुन्या दगडखाणींत हलवली. पूर्वेला बास्तीय तुरुंग : १७८९ मध्ये लोकांनी तो जिंकला आणि लगेच पाडकाम सुरू झाले. त्याचे काही दगड काँकॉर्द पुलाला लागले. उत्तरेकडे तांप्लचा बुरूज. सोळावा लुई तिथे कैदेत होता. राजनिष्ठांचे ते तीर्थक्षेत्र होऊ नये म्हणून नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये, तो जमीनदोस्त झाला. त्युइलरी राजवाडा १८७१ च्या कम्युनच्या धामधुमीत जळाला. भिंती उभ्या होत्या, तरी १८८३ मध्ये त्याही काढल्या.

म्हणजे काळाने खाल्ले असे आपण म्हणतो, तेव्हा ते निम्मेच खरे असते. यातली एकही वास्तू केवळ म्हातारी झाली म्हणून गेली नाही. कुठे आरोग्याची काळजी होती, कुठे संताप, कुठे सत्तेला वाटणारी आठवणींची भीती. पाडण्याची कारणे वाचली, तर शहराच्या मनाचा इतिहास हाती येतो.

उलट, १६०७ मध्ये पुरा झालेला पाँ नफ, म्हणजे ‘नवा पूल’, मात्र टिकला. नाव नवे असले, तरी पॅरिसमधल्या उभ्या पुलांत आज तोच सर्वांत जुना आहे.